किमचीत ‘कोणतीही भाजी चालेल’ हे अर्धेच खरे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत घरी किमची, म्हणजे मिठात मुरवून मिरची-लसणाच्या वाटणात आंबवलेली कोरियन भाजी, करण्याची जी पाककृती प्रसिद्ध झाली, तिच्या शेवटी ‘नापा कोबी मिळाला नाही तर त्याऐवजी कोणतीही भाजी घ्यावी, बाकी कृती तीच’ असे एक वाक्य आहे. (नापा म्हणजे सैल गड्ड्याचा चिनी कोबी.) त्या वाक्याचा पूर्वार्ध मला जवळजवळ मान्य आहे, उत्तरार्ध मुळीच मान्य नाही. घरी केलेल्या किमचीच्या फसलेल्या बरण्यांचे कारण बहुतेक वेळा त्या उत्तरार्धातच सापडते, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी पूर्वार्धाविषयी. किमची म्हणजे नापा कोबीचीच, दुसऱ्या भाजीची केली तर तिला किमची म्हणू नये, असे ठासून सांगणारे लोक भेटतात. त्यांच्या बाजूने एक कागदही दाखवता येतो. कोडेक्स आलिमेंतारियस या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने २००१ साली किमचीचे जे मानक स्वीकारले, त्यात मुख्य भाजी म्हणून चिनी कोबी, म्हणजेच नापा, धरलेला आहे. परंतु ते मानक व्यापारी मालासाठी आहे, घरातल्या बरणीसाठी नाही. ‘किमची’ हा शब्द ज्या ‘चिमचे’ या जुन्या शब्दावरून आला असे मानतात, त्याचा अर्थ बुडवून ठेवलेली भाजी एवढाच आहे. त्यात कोबीचे नाव नाही. ई ग्यूबो या ११६८ ते १२४१ या काळात होऊन गेलेल्या कोरियन कवीने मुळ्यासारख्या कंदाविषयी लिहिले आहे, की तो उन्हाळ्यासाठी सोयाबीनच्या आंबवलेल्या जांगमध्ये आणि हिवाळ्यासाठी मिठात मुरवून ठेवावा. तेव्हा कोरियात मिरचीही नव्हती. ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तेथे पोहोचली. आजही मुळ्याच्या चौकोनी फोडींची काक्तुगी, चिरा देऊन भरलेल्या काकडीची ओइसोबागी, कांद्याच्या पातीची पाकिमची, मोहरीच्या पाल्याची गातकिमची आणि कोवळ्या मुळ्याच्या पाल्याची योलमूकिमची कोरियन घरांत होतेच. यांपैकी एकही नापाची नक्कल म्हणून जन्माला आलेली नाही, आणि हीच गोष्ट आपल्या पाककृतीच्या उत्तरार्धाला छेद देते. या प्रत्येक प्रकाराचे मिठाचे प्रमाण वेगळे, मिठात ठेवण्याचा वेळ वेगळा आणि संपवण्याची मुदतही वेगळी असते.

याहून बोलके उदाहरण कोरियाबाहेरचे आहे. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील सुमारे १,७०,००० कोरियन लोकांना उचलून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन वसवले. तेथे नापा कोबी मिळेना, गाजर मात्र मुबलक होते. त्यातून ‘मोर्कोव्चा’ हा पदार्थ तयार झाला: गाजराच्या बारीक लांब काड्या, लसूण, मिरची, धने, व्हिनेगर आणि वरून गरम तेल. हा पदार्थ बहुधा ताजाच खातात, त्यामुळे काटेकोरपणे पाहिले तर ती आंबवलेली किमची नव्हे. पण त्या माणसांनी नापाच्या गड्ड्यासारखे गाजराचे चार भाग करून ते रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले नाहीत. भाजी बदलली तेव्हा त्यांनी चिरणेही बदलले आणि आंबटपणा आणण्याची रीतही बदलली.

नापा कोबी या कृतीत कोणते काम करतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्या जागी काय घालावे हे ठरवता येत नाही. त्याच्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि साखर फारच थोडी, १०० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमच्या आसपास, असते. पान पातळ, शीर जाड, आणि गड्ड्याची रचना अशी सैल, की मिरची-लसणाचे वाटण एकेका पानाला लावून तो पुन्हा मिटवता येतो. मीठ लावले की पेशींतले पाणी बाहेर येते आणि भाजी वाकते. पुष्कळसे कुजवणारे जिवाणू मिठामुळे मागे पडतात, आणि मीठ सोसणारे, भाजीवर मुळातच असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पुढे येतात. विरजण बाहेरून घालावे लागत नाही. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक गटातले जिवाणू कामाला लागतात. ते आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात, म्हणून चांगल्या किमचीचा रस जिभेवर किंचित चुणचुणतो. पुढे आम्ल वाढले की त्यांची जागा लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू घेतात आणि किमची अधिकाधिक आंबट होत जाते. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ४.२ ते ४.५ च्या दरम्यान असताना ती सर्वांत रुचकर लागते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

बदली भाजी निवडताना मग विचारायचे ते हे, की तिच्यात मीठ किती वेगाने शिरते, ती स्वतःचा किती रस सोडते, तिच्यात साखर किती आणि कोणत्या प्रकारची आहे, आणि आम्लात आठवडाभर राहून तिचा करकरीतपणा टिकतो की नाही. चव शेवटी येते, कारण वाटणाचा जोर इतका असतो की चवीतला फरक पुष्कळसा झाकला जातो. लगदा झालेली भाजी मात्र कशानेही झाकली जात नाही.

सर्वांत जास्त वेळा नापाच्या जागी येतो तो साधा गोल कोबी, म्हणून त्याच्यावर थोडे अधिक लिहिते. २०१० सालच्या शरद ऋतूत खराब हवामानामुळे दक्षिण कोरियात नापाचा एक गड्डा १०,००० वॉनच्याही वर गेला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ली म्यूंग-बाक यांनी आपल्या जेवणात नापाऐवजी गोल कोबीची किमची द्यावी असे सांगितले होते. त्यावर लोक चिडले, पण गोल कोबीच्या किमचीला हसून नव्हे. गोल कोबीही त्या वेळी तितकाच महाग झाला होता, एवढेच अध्यक्षांच्या लक्षात आले नव्हते. यांगबेचू-किमची या नावाने गोल कोबीची किमची तिथल्या घरांत आधीपासूनच ठाऊक होती.

माझी पहिली बरणी याच कोबीने घालवली. नापाची कृती समोर ठेवून मी गड्ड्याचे चार भाग केले आणि ते रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवले. सकाळी बाहेरची पाने तोंडात धरवत नव्हती इतकी खारट आणि आतली पाने काल होती तशीच कडक. कारण साधे आहे: गोल कोबीची पाने एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात आणि त्यांच्यावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे मिठाचे पाणी आत पोहोचतच नाही. म्हणून हा कोबी मोठ्या भागांत न ठेवता ३ ते ४ सेंटिमीटरच्या चौकोनांत चिरावा, पाने हाताने सुटी करावीत, देठाकडचा दांडा काढून टाकावा किंवा अगदी पातळ कापावा आणि पाण्याऐवजी कोरडे मीठ चोळावे. एक किलो चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ पुरते. वाटणात माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असेल तर २० ग्रॅमच घ्यावे. दोन तासांत, मधून मधून खालीवर करत राहिल्यास, तो मऊ पडतो आणि मीठ मोजून घातले असल्यामुळे धुण्याचीही गरज राहत नाही. रस कमी सुटतो, तो भरून काढायला थोडा मुळा किसून वाटणात घालावा.

साखरेचा मुद्दा येथेच येतो. गोल कोबीत साखर नापाच्या दुपटीहून जास्त, १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमच्या आसपास असते. त्यामुळे त्याच्या किमचीत घालायला लागणारी साखर किंवा सफरचंदाचा कीस निम्म्यावर आणावा, आणि बरणीत बुडबुडे दिसू लागताच ती शीतकपाटात ठेवावी, एरवी ती फार पुढे जाऊन तिखटापेक्षा आंबटच जास्त लागते. पहिले काही दिवस येणारा गंधकाचा वास पाहून घाबरू नये. तिसऱ्या आठवड्यात मला ही किमची नापाच्या किमचीपेक्षा अधिक आवडते, हेही येथे सांगून टाकते, जरी घरात माझ्या बाजूने दुसरे मत पडलेले नाही. तांबडा कोबी घेतला तरी कृती हीच. त्याचा रंग आम्ल वाढते तसा निळसर जांभळ्याकडून झगझगीत गुलाबीकडे जातो आणि वाटणाचा लाल रंग त्यात हरवतो, एवढे ध्यानात ठेवावे.

कोणती भाजी नापाची किती जवळची, हे ठरवायला वनस्पतिशास्त्राचा थोडा आधार मिळतो, आणि तो आधार योगायोगाने एका कोरियन वंशाच्या शास्त्रज्ञाने दिलेला आहे. ऊ जांग-चून, जन्म १८९८ आणि मृत्यू १९५९, यांनी १९३५ साली मोहरी कुळातल्या सहा जातींचे परस्पर नाते एका त्रिकोणात मांडून दाखवले. १९५० साली ते जपानमधून कोरियात गेले आणि तेथे कोबी व मुळ्याच्या बियाण्यांवर त्यांनी काम केले. त्या मांडणीप्रमाणे नापा, पाकचोय (जाड देठांची एक चिनी पालेभाजी) आणि सलगम ही तिन्ही एकाच जातीची रूपे आहेत. गोल कोबी, फुलकोबी आणि नवलकोल ही दुसऱ्या जातीची. आणि पानांसाठी लावली जाणारी मोहरी ही नापाची जात व काळी मोहरी यांच्या संकरातून आलेली आहे. हे नाते उग्रपणाच्या आणि वासाच्या बाबतीत खरे उतरते, अंगाच्या बाबतीत मात्र दगा देते. पाकचोय हा नापाचा सख्खा भाऊ, चवीने सर्वांत जवळचा, पण त्याचे जाड देठ पाण्याने भरलेले असतात. तासाभरापेक्षा अधिक वेळ मिठात ठेवले तर ते लिबलिबीत होतात, म्हणून त्याची किमची थोडी करावी आणि आठवड्यात संपवावी. सलगम त्याच जातीचे असूनही कंद आहे, त्यामुळे त्याला मुळ्याच्या रीतीने वागवावे लागते. कोरियातल्या गांगह्वा बेटावर सलगमाची किमची हा तिथला खास पदार्थच आहे.

मुळ्याच्या बाबतीत एक गैरसमज काढायला हवा. कोरियन मुळा आखूड, जाडजूड, वरच्या बाजूला हिरवट आणि गराने घट्ट असतो. लांब पांढरा मुळा घेतला तर तो अधिक पाणी सोडतो, म्हणून त्याच्या फोडी २ सेंटिमीटरच्या आसपास ठेवून त्यांना अर्धा-पाऊण तास मीठ लावावे आणि सुटलेले पाणी काढून टाकावे. मुळा हातात हलका लागला किंवा कापल्यावर आत पोकळ, कापसासारखा दिसला, तर त्याची किमची करूच नये. नवलकोल मात्र घट्टपणात कोरियन मुळ्याच्या जवळ जातो. त्याची साल आणि तिच्याखालचा धाग्यांचा थर पुरता सोलून काढला तर त्याच्या फोडींची काक्तुगी दोन आठवड्यांनंतरही करकरीत राहते, आणि कंदांतली माझी पहिली पसंती तीच आहे. कोवळ्या मुळ्याचा पाला वापरायचा असल्यास तो मिठात फार चोळू नये. कोरियन गृहिणी योलमूला हात अगदी हलका लावतात, कारण चुरगळलेल्या पाल्याला गवतासारखा कच्चा वास सुटतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

मोहरीचा पाला मूळचाच इतका उग्र असतो, की त्याला बदली भाजी म्हणणेही बरोबर नाही. यॉसूजवळच्या दोल्सान बेटाची गातकिमची त्या उग्रपणासाठीच प्रसिद्ध आहे. ती सावकाश आंबते, म्हणून तिच्याबाबतीत घाई केली तर पदरी फक्त कडूपणा पडतो.

गाजर आणि बीट यांच्याविषयी मात्र सावध राहायला हवे. ‘कोणतीही भाजी’ म्हटल्यावर रंगाच्या ओढीने लोक नेमके यांच्याकडेच वळतात. गाजरात सुमारे साडेचार आणि बीटमध्ये साडेसहा ग्रॅमच्या वर साखर १०० ग्रॅममागे असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती बहुतांशी सुक्रोज, म्हणजे आपण चहात घालतो तीच असते. ल्युकोनोस्टॉक जिवाणू सुक्रोजपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. बीटच्या बरणीत रसाला तार येते ती बहुधा यामुळे. तेथे अस्वच्छतेला दोष देऊन उपयोग नसतो. नापाच्या वाटणात ढीगभर पांढरी साखर घालणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. म्हणून गाजर काड्या करून एकूण भाजीच्या दहाव्या हिश्श्याइतके, आणि बीट रंगापुरते दोन-चार चकत्या, यापलीकडे मी जात नाही. तार आलेला रस धोक्याचाच असतो असे नाही, पण तो घशाखाली उतरत नाही हेही खरे.

काकडीचे थोडक्यात: बिया कमी, साल पातळ आणि अंगाने घट्ट अशीच घ्यावी. फुलाकडचे टोक थोडे कापून टाकावे, कारण भाजी मऊ पाडणारी विकरे तेथे अधिक असतात. काकडी मिठात टिकवताना कोरियात तिच्यावर उकळते मिठाचे पाणी ओततात, ते वरवर उलटे वाटले तरी ती त्यामुळेच करकरीत राहते. तरीही ओइसोबागी ही ताजी खायची गोष्ट आहे. तिला महिनाभर ठेवून काकडीला नावे ठेवू नयेत.

पालक आणि लेट्यूस यांना बरणीत ठेवूच नये. दोन्ही मिठात कोसळतात आणि आंबण्याआधीच त्यांचा काला होतो. लेट्यूसची करायची असेल तर ती गॉतजोरी, म्हणजे वाटण लावून त्याच वेळी खाण्याची न आंबवलेली किमची करावी. काही जण पालक किंवा फुलकोबी उकळत्या पाण्यातून काढून मग बरणीत भरतात. तसे केल्याने ज्यांच्या भरवशावर हा सारा खटाटोप असतो ते भाजीवरचे जिवाणूच मरतात, आणि मग कच्च्या लसणावर व कांद्याच्या पातीवर जे असतील तेवढ्यांवरच काम ढकलले जाते. फुलकोबी कच्चीच, छोट्या तुऱ्यांत घ्यावी; वेळ लागतो पण ती टिकते.

वाटणातल्या भाज्यांना इतकी कसोटी लागत नाही. बुचू या लसणाच्या वासाच्या कोरियन पातीच्या जागी कांद्याची पात सरळ चालते. लसूण-कांदा नको असेल तर तोही अडसर नाही: कोरियातल्या बौद्ध मठांत लसूण आणि कांद्याच्या वर्गातल्या भाज्या वर्ज्य आहेत, तरी तेथे किमची होतेच. मिनारी नावाची पाणथळ जागी वाढणारी पालेभाजी कृतीत सांगितली असेल तर तिच्या जागी सेलरीची कोवळी पाने घ्यावीत, पण पाण्याकाठी मिनारीसारखी दिसणारी रानटी झुडपे तोडून आणण्याचा मोह टाळावा, कारण त्या कुळात प्राणघातक विषारी वनस्पतीही आहेत आणि दिसायला त्या फार वेगळ्या नसतात. मिरचीबाबत एवढेच, की कोरियन गोचुगारू जाडसर, बहुतेक बिया काढलेली आणि बेताची तिखट असते; साधी बारीक तिखटपूड तितक्याच मापाने घातली तर कोणती भाजी घेतली होती हा प्रश्नच उरत नाही.

आंबवण्याच्या वेळेविषयी आपल्या पाककृतीत ‘दोन दिवस बाहेर’ असे सरसकट लिहिले आहे. साधारण १८ ते २० अंश सेल्सियसला नापासाठी एक ते दोन दिवस ठीक आहेत, त्यानंतर ४ अंशांच्या आसपास. त्याच दोन दिवसांत काकडी पुढे निघून गेलेली असते आणि मोहरीचा पाला अजून जागाही झालेला नसतो. म्हणून घड्याळापेक्षा बरणीकडे पाहावे: रस वर आला, बुडबुडे दिसले आणि चाखल्यावर मिठाच्या पाठोपाठ आंबटपणा जाणवला, की ती थंडीत हलवावी. भाजी सतत रसाखाली दाबलेली असावी. रस कमी सुटणाऱ्या भाज्यांवर अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवून तेवढा भर घालता येतो.

नापाचीच कृती करणाऱ्यांसाठी एक खूण आपल्या पाककृतीत राहून गेली आहे. मिठातून काढण्याआधी पानाची जाड पांढरी शीर मधोमध वाकवून पाहावी. ती न मोडता वाकली तर पुरे, मोडली तर आणखी तासभर ठेवावी. ही परीक्षा फक्त नापाला आणि काहीशी पाकचोयला लागू पडते. गोल कोबीसाठी चव पाहणे हाच मार्ग आहे: चौकोन थोडासा खारट, पण नुसता खाता येण्याइतकाच लागला पाहिजे.

यापुढे अशी पाककृती छापताना ‘एक मध्यम गड्डा’ आणि ‘मूठभर मीठ’ यांऐवजी भाजीचे व मिठाचे वजन ग्रॅममध्ये द्यावे, आणि बदली भाजी सुचवायची असल्यास तिच्या नावापुढे चिरण्याचा आकार आणि मिठात ठेवण्याचा वेळ छापावा, अशी विनंती आहे. दोन ओळी वाढतील, तेवढी जागा छायाचित्रातून काढता येईल.

आपली,
एक वाचक